ज्या खोलीत एकही भांडं नव्हतं

पावसाच्या रात्री पुढच्या खोलीत आम्ही पाच भांडी मांडायचो. कपाटाशेजारी पातेलं, दाराशी बादली, खिडकीखाली परात आणि मधोमध दोन डबे. मागच्या खोलीत, जिथे आई झोपते, तिथे एकही भांडं नसायचं. पुढची खोली कौलारू, १९७९ सालची. मागच्या दोन खोल्या बाबांनी १९८६ साली वाढवल्या आणि त्यांवर स्लॅब टाकला. त्यामुळे घरात सगळ्यांच्या मनात चित्र स्पष्ट होतं: कौलं म्हातारी झाली, स्लॅब धडधाकट आहे. दोन वर्षांपूर्वी दादा म्हणाला, "आता डागडुजी पुरे. कौलं उतरवू आणि पुढेही स्लॅब ओतून टाकू." आई गप्प होती. मीही हो म्हणून टाकलं होतं.

ते झालं असतं, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत झाली असती. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ज्यांच्या घरी "दुरुस्त करू की बदलू" हा विषय निघाला असेल, त्यांनी निर्णय घेण्याआधी एवढं तरी वाचावं.

कौलं उतरवायच्या आधी लाकडाचं काय करायचं ते ठरवायला दादाने एका सुतारकाकांना बोलावलं. ते आले, भांड्यांकडे पाहिलंच नाही. आधी अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ आढ्याची, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाची, रेघ बघत राहिले. मग शिडी लावली, आढ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणून धरायला सांगितली. सुतळी आणि आढं यांच्यात मधोमध जेमतेम बोटभर फट. "ताई, आढं खाली बसलेलं नाही," ते म्हणाले. "बसलं असतं तर मी कौलांना हातसुद्धा लावला नसता."

त्यानंतर त्यांनी खिशातला पेचकस काढला आणि एकेक वासा, म्हणजे आढ्यापासून भिंतीवर उतरणारं तिरपं लाकूड, टोचत गेले. दोन्ही बाजूंचे मिळून बावीस वासे. मध्यभागी ते टोचत नव्हते. जिथे वासा भिंतीत शिरतो तिथे, आणि वळचणीला बाहेर आलेल्या टोकाला. लाकूड तिथेच आधी कुजतं, कारण तिथे ओल बसते आणि वारा लागत नाही. लाकडातला ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशी धरते, आणि बुरशी धरली की बाहेरून रंग चांगला असूनही आतून भुसा होतो. वीस वाशांत पेचकस टोकाच्या पुढे गेला नाही. दोन वाशांत मात्र मूठ टेकेपर्यंत आत गेला. ते दोघे एकाच कोपऱ्यातले, जिथे पन्हळीत वर्षानुवर्षं पाला साचून पाणी भिंतीवर उलटत होतं.

कौलं वाजवून पाहायची त्यांची पद्धत माझ्या कायमची लक्षात राहिली. बोटाच्या पेराने टकटक केलं की चांगलं कौल खणखणीत वाजतं. चीर असेल तर आवाज बद्द येतो, मग ती चीर डोळ्यांना दिसो वा न दिसो. साडेपाचशेच्या आसपास कौलांपैकी बद्द वाजलेली निघाली एकेचाळीस.

पण एकेचाळीस कौलं आणि पाच ठिकाणचं गळणं यांचा मेळ बसेना. कारण चिरलेल्या कौलांच्या खाली बरोबर भांडी नव्हती. त्यावर काकांनी नळी मागवली. एक जण वर, मी आत. पाणी आधी वळचणीजवळ सोडायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग एक हात वर सरकायचं, पुन्हा थांबायचं. वरून खाली नाही, खालून वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या उतारावरून वाहतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळतच नाही. असं करत दुपार झाली, आणि निघाल्या तीनच जागा: आढ्यावरच्या कौलांचा निखळलेला चुना, भिंतीला छप्पर भिडतं तिथली फट आणि ती तुंबलेली पन्हळ. पाच धारा तीन भोकांतून येत होत्या. पाणी रिपेवर, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्टीवर, उतरायचं, वाशाच्या अंगाने चालत जायचं आणि गाठ किंवा खिळा लागला की तिथे टपकायचं. कपाटाशेजारचं पातेलं ज्या पाण्याने भरत होतं ते साडेतीन हात लांबून, आढ्यातून येत होतं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही कपाटावरची कौलं बदलत होतो आणि ती बिचारी निर्दोष होती.

गळती बहुतेक वेळा पृष्ठभागातून नसते, सांध्यातून असते. जिथे छप्पर भिंतीला भिडतं, जिथे दोन उतार मिळतात, जिथून नळ किंवा धुराडं बाहेर निघतं, ते आधी बघावं. शेजारच्या वहिनींच्या पत्र्याच्या छपराचंही तेच निघालं. पत्रा शाबूत, पण स्क्रूखालचं रबराचं वायसर उन्हाने कडक होऊन तडकलेलं. स्क्रू एक माप जाड घेऊन नव्या वायसरसकट बसवले आणि गळणं थांबलं. पत्रा बदलायचा तो जस्ताचा थर संपून, एकावर एक चढलेल्या कडांत तांबूस चाळण दिसू लागली की. (छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालावं. तो फोडू नये, त्याला भोक पाडू नये, कोरडा घासू नये. त्याचे तंतू फुफ्फुसात जातात आणि त्याने कर्करोग होतो. ते काम जाणकारांकडूनच करून घ्यावं.)

पुढच्या खोलीचा निकाल असा लागला: आढं सरळ, बावीसपैकी वीस वासे निरोगी, गळतीची कारणं तीन आणि तिन्ही हाताला लागलेली. कुजलेल्या दोन वाशांची टोकं कापून शेजारून नवं लाकूड बोल्टने जोडलं. एकेचाळीस कौलं बदलली, आढं नव्याने भरलं, पन्हळ साफ करून तिचा उतार दुरुस्त केला. सहा दिवसांचं काम.

सुतारकाका निघताना चहा प्यायला मागच्या खोलीत बसले. वर पाहिलं आणि विचारलं, "इथे कोण झोपतं?"

छताला अगदी बारीक तपकिरी रेघा होत्या. त्या मी रोज बघत होते. दर दोन-तीन वर्षांनी रंग दिला की जायच्या, पुन्हा उमटायच्या. पण काका म्हणाले, "ताई, रेघा मोजा." मोजल्या. सगळ्या एकमेकींना समांतर, आणि दोन रेघांमधलं अंतर वीतभरापेक्षा थोडं कमी, दर वेळी तेवढंच. मी शाळेत गणित शिकवते. जे निसर्गतः तडकतं ते इतक्या सारख्या अंतराने तडकत नाही, हे मला त्याआधीच सुचायला हवं होतं. त्या रेघा म्हणजे आतल्या सळयांचा नकाशा होता.

काका म्हणाले, हे माझं काम नाही, स्ट्रक्चरल इंजिनीयरला दाखवा, आणि तोवर आईंची खाट इथून हलवा. खाट त्याच संध्याकाळी हलवली. आईला ते आवडलं नाही. हा स्लॅब बाबांनी स्वतः उभं राहून घातला होता. त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत ते गवंड्यांबरोबर वर होते, पुढचे कितीतरी दिवस पहाटे उठून पाणी मारत होते. "त्यांच्या हातचं एवढंच उरलंय," ती म्हणाली. दादाचं म्हणणं वेगळं होतं: "थेंबभर पाणी येत नाही तिथून. उगाच शंका काढू नका."

इंजिनीयरबाई आल्या त्या एक छोटी हातोडी आणि खडू घेऊन. शिडीवर चढून छत वाजवत गेल्या. जिथे पोकळ आवाज आला तिथे खडूने वर्तुळ. पहिली तीन-चार वर्तुळं झाली तेव्हा मला वाटलं, एवढंच असेल. अर्ध्या तासाने वर्तुळं एकमेकांत मिसळली आणि खोलीच्या मधल्या भागात कोरी जागाच उरली नाही. मग त्यांनी एका ठिकाणी गिलावा आणि काँक्रीट फोडून सळई उघडी केली. छिन्नीचे दोनच घाव, आणि पापुद्रा असा सुटून आला की खाली धरलेल्या घमेल्यात धपकन पडला. सळईवर बोट फिरवलं तर बोटाला लालसर चुरा लागला, आणि चुरा निघाल्यावर आत जी सळई उरली ती पेन्सिलीपेक्षाही बारीक.

बाईंनी ब्रशने घासून मापली. मूळची आठ मिलीमीटरची सळई तिथे पाच मिलीमीटर होती. दादा म्हणाला, "तीनच मिलीमीटर गेलेत की." तेव्हा मी वहीचं पान घेऊन त्याच्यासमोर हिशेब मांडला. सळईची ताकद तिच्या व्यासावर नसते, छेदाच्या क्षेत्रफळावर असते, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने जातं. आठाचा वर्ग चौसष्ट, पाचाचा पंचवीस. म्हणजे शंभरातले एकोणचाळीसच शिल्लक. साठ टक्क्यांहून जास्त सळई गेली होती. दादाने ते पान दोनदा वाचलं आणि मग काही बोलला नाही.

हे असं का झालं, तेही त्या फोडलेल्या खड्ड्यातच दिसत होतं. चांगल्या काँक्रीटमध्ये इतका अल्कधर्मी गुण असतो की सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं हळूहळू आत शिरत जातो आणि तो गुण मारतो. बाईंनी ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारलं. निरोगी काँक्रीट त्याने गडद गुलाबी होतं. आमचं सळईपर्यंत आणि सळईच्याही वर करडंच राहिलं, गुलाबी रंग थेट वरच्या थरात दिसला. आणि सळईखाली काँक्रीटचं जे आवरण असायला हवं, निदान वीस मिलीमीटर, ते आमच्याकडे सहा होतं. त्या काळी सळया बहुधा तशाच फळ्यांवर मांडून वर काँक्रीट ओतलं होतं. बाबांनी पाणी मारण्यात कसूर केली नव्हती. पण सळई उचलून धरायला तिच्याखाली ठोकळे हवेत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

गंजलेलं लोखंड मूळच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतं. काँक्रीटला ताण सोसत नाही, ते सळईच्या रेषेत फुटतं. फुटलं की ओल आणि हवा आणखी आत, गंज आणखी. हे सगळं खाली एक थेंबही न पडता होऊ शकतं. उलट आमचा स्लॅब कोरडा राहिला होता तो वरच्या थरांमुळे, आणि तेच थर त्याला दाबत होते. गेल्या वीस-बावीस वर्षांत ओल आली म्हणून आम्ही तीनदा वॉटरप्रूफिंग करून घेतलं. प्रत्येक वेळी ज्याला काम दिलं त्याने जुना कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, न काढता त्यावरच नवा घातला. कोपऱ्यात खणून बघितलं तर कोबा सात इंच, आणि खाली स्लॅब चार इंच. चार इंचांचा स्लॅब चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भरतो. त्यावर आम्ही सव्वातीनशे किलोच्या आसपास विटांचे तुकडे आणि सिमेंट चढवून ठेवलं होतं. आईच्या खाटेच्या वर.

मग पुन्हा सुतळी. एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत छताला लावून ताणली. गाळा, म्हणजे दोन भिंतींमधलं अंतर, तीन मीटरचा. इतक्या गाळ्याला साधारण बारा मिलीमीटरपर्यंतचा झोल चालवून घेतात, लांबीचा अडीचशेवा भाग. आमचा बावीस निघाला.

तरीही मी बाईंना विचारलं की दुरुस्ती होऊ शकणार नाही का. आईसाठी विचारलं. त्यांनी घाईने नाही म्हटलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या म्हणाल्या, गंज एका कोपऱ्यात असता, समजा नळाच्या सांध्याखाली, तर तेवढं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडून, सळई घासून, बारीक झाली असेल तिथे नवी जोडून, पॉलिमर मॉर्टरने भरता आलं असतं आणि ते बरीच वर्षं टिकलं असतं. पण इथे निरोगी काँक्रीट आहे कुठे, ज्याला ते धरून राहील? शिवाय कार्बन डायऑक्साइडने गुण मारलेल्या जुन्या काँक्रीटमध्ये नवं ठिगळ लावलं की ठिगळाच्या कडेलगतची जुनी सळई पूर्वीपेक्षा वेगाने गंजू लागते. दोन वर्षांनी ठिगळाच्या भोवती नवी रेघ उमटते. मी दुरुस्तीनंतर किती वर्षं मिळतील ते विचारलं. त्या म्हणाल्या, "मी लिहून देणार नाही." बदलला तर? "तो मी लिहून देईन." सहा-सात जणांकडून कोटेशनं घेतली होती आम्ही आजवर, पण किती वर्षं टिकेल हे लेखी मागायचं कधी सुचलं नव्हतं.

त्याच दिवशी खाली लोखंडी टेकू लावले आणि दुसऱ्या दिवसापासून वरचा कोबा उतरवायला सुरुवात केली, कारण आधी वजन कमी करायचं होतं. पाऊस संपून कोरडे दिवस लागल्यावर स्लॅब पाडला. तोडताना सळया वाकत नव्हत्या, तुटत होत्या. आई तो दिवसभर शेजारच्या वहिनींकडे बसून होती.

नव्या स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी सेंटरिंगवर, म्हणजे स्लॅब ओतायच्या फळ्यांच्या साच्यावर, चढून मी सळईखालचे कव्हर ब्लॉक मोजले. वीस मिलीमीटरचे, हाताने सळई दाबली तरी फळीला टेकत नव्हती. आई खालून विचारत होती काय चाललंय. तिला वर यायचं होतं. दादाने हात धरून तिला शिडीवरून वर आणली. तिने वाकून एका ठोकळ्याला बोट लावलं आणि विचारलं, "एवढ्याशासाठी?" मी हो म्हटलं. ती बराच वेळ तिथे बसली. नंतर खाली उतरून म्हणाली, "पाणी मी मारीन." आणि ओतल्यावर खरोखरच मारलं तिने, वाफे करून पाणी साठवून, रोज पहाटे.

नव्या गच्चीला दर शंभर सेंटिमीटरला एक सेंटिमीटर उतार दिला आहे, आणि कठड्याच्या पायथ्याशी काटकोन न ठेवता गोलाई दिली आहे, कारण काटकोनातच चीर पडते. पाऊस थांबला की दोन दिवसांनी मी वर जाते. कुठे डबकं उरलं असेल तर खडूने त्याची कड आखते. मागच्या वर्षी दोन निघाली, दोन्ही उथळ, एक पन्हाळीच्या तोंडाशी पानं अडकल्याने. कठड्याला एक केसाएवढी चीर आहे. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहिली आहे. आठ महिन्यांत ती रेघेपलीकडे गेलेली नाही, त्यामुळे तिला हात लावलेला नाही. न वाढणारी चीर भरता येते. वाढणारी असेल तर भरण्याआधी ती का वाढते ते शोधावं लागतं.

एक राहिलं. ओल दिसली म्हणजे छतच दोषी असं दर वेळी नसतं. आमच्या न्हाणीघराच्या छतावर थंडीत थेंब जमायचे आणि आम्ही तेही स्लॅबच्या खाती मांडलं होतं. बाईंनी तिथे ॲल्युमिनियमच्या फॉइलचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावला. दुसऱ्या दिवशी फॉइलच्या खालच्या, खोलीकडच्या बाजूला थेंब होते आणि आतली बाजू कोरडी. म्हणजे ती आंघोळीची वाफ होती. झरोका मोठा केला, थेंब गेले.

कौलारू खोली अजून पूर्ण कोरडी झालेली नाही. वारा मागच्या बाजूने आला की कपाटाशेजारी एक थेंब पडतो, मिनिटाला एखादा. तिथे पातेलं ठेवते आणि वहीत तारीख आणि वाऱ्याची दिशा लिहिते. आढ्याखालच्या दुसऱ्या ओळीतलं तिसरं कौल असावं असा माझा अंदाज आहे. उघडीप झाली की सुतारकाकांना बोलावून नळी लावून बघणार आहोत, वळचणीपासून सुरुवात करून.